शेवटचं बाक

सावेडी, अहमदनगर
ता. १२ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
धाकट्या रूथचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच. हे फोनवरही बोलता आलं असतं, पण तुझा फोन उचलते तुझी सून. सलोमी माझ्याशी अर्धा तास गप्पा मारते आणि मग तू येऊन बरी आहे, ठेवते, एवढंच म्हणतेस. म्हणून मी होस्टेलात असताना आप्पांनी आपल्याला लावलेली पत्रांची सवय पुन्हा काढली आहे.

यंदाही उत्तम शुक्रवारी तू पाचवा उद्गार घेतला नाहीस. गावात त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि त्यातला पाचवा, 'मला तहान लागली आहे', आपल्या घराकडे असतो. आधी शांतवन गुरुजींचा, म्हणजे आपल्या आप्पांचा, आणि त्यांच्यामागे तुझा. मंडळीतल्या पोरासोरांनाही हे ठाऊक आहे. गेल्या वर्षी तू गुडघ्याचं कारण सांगितलंस, यंदा तेही नाही. गाण्याचं पुढारपण कल्याण मास्तरांना दिलं म्हणून रेबेकाबाई रुसल्या, असं गावात बोलतात. रविवारी उशिरा येतात, दाराजवळ बसतात आणि आशीर्वादाच्या आधीच उठून जातात, असंही कानावर आलं. पाळकसाहेबांचा मला फोन आला होता. पुढच्या वर्षीही तू नाही म्हणालीस तर पाचवा उद्गार कायमचा दुसऱ्या घराकडे द्यावा लागेल, असं ते म्हणाले. बिचारे फार संकोचून बोलत होते.

आणि निकिताच्या साखरपुड्याचं काय? सख्ख्या भाचीच्या साखरपुड्याला तू पंगतीत बसली नाहीस. सरबताचा पेला हातात धरलास आणि तसाच खिडकीत ठेवून रिक्षा बोलवायला लावलीस. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग. लहानपणी चापट मारायचीस, ती परवडली.

घरी सर्वांना सलाम. राग असला तर तोही पत्रात घालून पाठव, पण लोभ काढून घेऊ नकोस.
तुझी,
रूथ


नेवासा तालुका
ता. ३ मे २०२४

चि. रूथ हिस,
रेबेकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी रुसलेली नाही. मी ओली असते. एवढं एक वाक्य लिहायला मला आठवडा लागला, आता पुढचं लिहिते.

खोकला आला, शिंक आली, हसू आलं, हंडा उचलला, बसलेली उठले की लघवी जाते. थेंबभर जाते, कधी जास्त. एडविनच्या वेळेपासून थोडं थोडं होतंच. तो किती मोठा जन्मला होता ते तुला आठवत असेल. पण पाळी गेल्यापासून वाढलं. सगळ्यात वाईट गाताना. वरचा सूर लावायचा तर पोटातून जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की संपलं. म्हणून गाण्याचं पुढारपण मीच सोडलं, कल्याण मास्तरांनी हिसकावलं नाही. त्या गरीब माणसाला उगीच बोल लागतो आहे, त्याचं मला वाईट वाटतं.

जुन्या सुती लुगड्याच्या घड्या करून वापरते. त्या न्हाणीत वाळत घालते, सलोमीला फरशी पुसायची फडकी म्हणून सांगितलं आहे. शनिवारी दिवेलागणीपासून पाणी पीत नाही. एसटीने नगरला यायचं तर आदल्या दिवसापासून नाही. तुझ्याकडचं सरबत मी का ठेवलं ते आता कळलं असेल. घसा कोरडा पडला होता गं, फार प्यावंसं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी उभ्याने गाताना जास्तच गेलं. तेव्हापासून मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते. तिथे बसले तर आधीच तीन-चार जणी होत्या. भागूबाई म्हणाली की तिचा गुडघा लई दुखतोय, म्हनून हितं बसते. दुसरीला वारा लागतो, तिसरीला गर्दी सोसत नाही. मी म्हटलं, मलाही गुडघाच. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

आणि मग मला आई आठवली. आई आयुष्यभर त्याच बाकावर बसली. तिच्या दफनाच्या वेळी त्या वेळचे पाळक काय बोलले होते ते तुला आठवतं का? प्रभूच्या दाखल्यातला जकातदार जसा नम्रपणे दूर उभा राहिला तशी ही भगिनी नेहमी शेवटच्या बाकावर बसली, असं म्हणाले होते, आणि आपण दोघी अभिमानाने रडलो होतो. पण रविवारी चर्चहून आल्या आल्या आई आपलं लुगडं वेगळं धुवायची. कुणालाही हात लावू द्यायची नाही. आई नम्र होती यात शंका नाही. पण त्या बाकावर ती नम्रतेने बसत नव्हती.

आता बघ, मंडळीने आईला नम्र म्हटलं आणि मला गर्विष्ठ. बाक तेच आहे.

हे पत्र वाचून चुलीत घाल. गॅस असेल तर बारीक फाडून टाक. सर्वांना सलाम.
तुझी,
अक्का


सावेडी
ता. ११ मे २०२४

ती. अक्कास,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र जाळलं नाही. माझ्या बायबलात आहे, तिथे या घरात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

रडले. मग चिडले, तुझ्यावर नाही. मग एक गोष्ट लक्षात आली. मीही शिंक येणार असं वाटलं की आधी पाय आवळून उभी राहते. आजवर मला वाटायचं, ही माझी शिंकायची पद्धत! तुझ्याइतकं नाही, पण आपण एकाच आईच्या मुली आहोत.

तुझं नाव न सांगता निकिताला विचारलं. ती नर्स, तिने तिसऱ्या वाक्याला ओळखलं की ही मावशीच. ती म्हणते की हा आजार आहे, म्हातारपण नाही, आणि पाणी सोडणं तर चुकीचंच. लघवी दाट झाली की आतून जळजळते आणि त्रास वाढतो. ती सांगते की मूत्रमार्गाभोवती एक गोल स्नायू असतो. नळाचा वायसर झिजला की नळ गळतो, तसा तो स्नायू सैल पडतो. आधी व्यायाम देतात, त्याने पुष्कळ जणींना बरं वाटतं. नाहीतर ऑपरेशन असतं. आणि ती काम करते त्या पुण्याच्या इस्पितळात एक अभ्यास चालू आहे. बाईच्या मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा घेतात, त्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्या सैल वायसरात सुईने सोडतात. आपलंच मांस आपल्याला परत. लागू पडतं की नाही हे अजून बघतायत, असं तिने दोनदा बजावलं.

इथे सावेडीत एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना तुला आधी दाखवायचं. मी नेवासा फाट्यापर्यंत गाडी करून येते. तू पाणी पिऊन निघ. मध्ये घोडेगावला उतरू, चहा घेऊ, गरज लागली तर पुन्हा उतरू. नगर काय पळून जातंय?

लोभ नेहमीसारखा असू दे, थोडा जास्त चालेल.
तुझी,
रूथ


नेवासा तालुका
ता. १९ ऑगस्ट २०२४

चि. रूथ,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला व्यायाम नेमाने करते आहे. आवळायचं, धरायचं, सोडायचं. भाकरी थापताना करते, सलोमी म्हणते की हल्ली आई स्वयंपाक करताना प्रार्थना करतात, कारण माझी नजर एका जागी लागते. तिचा गैरसमज दूर केला नाही. उठबस करताना आता कमी जातं. पण खोकला आला की आहेच, आणि गाण्याचं तर नावच नको. ऑपरेशनचंही त्या बोलल्या. आतमध्ये पट्टी बसवतात म्हणे. मला नको.

आता रागावू नकोस. मागच्या खेपेला तू औषधाच्या दुकानात होतीस तेव्हा रस्त्यापलीकडे मी एक पाटी बघितली. मूळपेशींचा उपचार, गुडघे, मधुमेह, लकवा आणि लघवीच्या तक्रारी. बाजार करायचा म्हणून सांगून परवा एकटीच एसटीने येऊन आत गेले. तुझ्याकडे आले नाही, त्याबद्दल माफ कर. तिथला माणूस फार गोड बोलला, आई आई म्हणाला. एक तुकडा नाही, तपासणी नाही, तीन सुया घ्यायच्या आणि नाताळापर्यंत कोरड्या व्हाल, लिहून देतो म्हणाला. पैसे आधी भरायचे. एडविनला विचारायचं तर कारण सांगावं लागेल, म्हणून आईच्या बांगड्या काढून ठेवल्या आहेत.

तुझ्या निकिताच्या अभ्यासात कुणी खात्री देत नाही. मला खात्री पाहिजे, रूथ. मला पुढचा उत्तम शुक्रवार पाहिजे. आप्पांची जागा माझ्या हातून जाऊ नये, एवढं एकच माझं मागणं आहे. त्या दिवशी तीन तास बसून, उठून, पुलपीटापर्यंत कोरड्याने जाऊन बोलता आलं की पुढे काहीही होवो.

सर्वांना सलाम सांग.
तुझी,
अक्का


सावेडी
ता. २३ ऑगस्ट २०२४

ती. अक्का,
सलाम. वि. वि.

बांगड्या जागच्या जागी ठेव. पत्र मिळाल्याबरोबर, वाचत उभी राहू नकोस.

गुडघा, लकवा आणि लघवी एकाच सुईत! बाजारातला जडीबुटीवाला निदान साप तरी दाखवतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे मला कळतं, पण गाढवाने आधी पैसे मागितले तर हरीने विचार करायला नको? निकिताला सगळं सांगितलं. एरवी शांत पोरगी, पण फोनवर तिचा आवाज चढला. मूळपेशींचा हा उपचार अजून अभ्यासातच आहे, आणि अभ्यासात पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जो पैसे घेऊन खात्री देतो त्याच्या सुईत काय आहे हे देवालाच माहीत, असं ती म्हणाली. तुझ्या अंगाचा तुकडाच घेतला नाही, तर ते तुझ्या कुठल्या पेशी वाढवणार होते गं? तू एवढी वर्षं शाळेत गणित शिकवलंस.

पुण्याच्या अभ्यासातले डॉक्टर काय सांगतात तेही ऐक. आलेल्या बायकांपैकी अर्ध्यांना त्यांच्याच पेशी देतात आणि अर्ध्यांना नुसतं साधं द्रव. कुणाला काय दिलं हे बाईलाही सांगत नाहीत आणि सुई देणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नसतं. वर्षाने सगळ्यांचं एकदम उघडतात. ऐकून मलाही पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, निदान हे लोक माहीत नाही ते माहीत नाही म्हणतात. तुला व्यायामाचे तीन महिने झालेलेच आहेत, म्हणजे तू त्यांच्या नियमात बसतेस. जायचं की नाही ते तू ठरव. त्या पाटीखाली मात्र मी तुला जाऊ देणार नाही. माझ्याशी बोलणं सोडलंस तरी चालेल.

लोभ राहो न राहो, बांगड्या राहू देत.
तुझी,
रूथ


नेवासा तालुका
ता. ९ जानेवारी २०२५

चि. रूथ हिस,
नवीन वर्षाचे आशीर्वाद.

पत्त्यावर अहिल्यानगर लिहिलं आहे, पोस्टात मात्र अजून सगळे नगरच म्हणतात.

मांडीची जखम पूर्ण भरली. तुकडा हरभऱ्याएवढाही नव्हता. तो पुण्यात वाढत होता आणि मी इथे कांदे निवडत होते, याचं मला मोठं नवल वाटायचं. डिसेंबरातली सुई दुखली नाही, लाज मात्र फार वाटली. पाय फाकवून आडवं पडायचं आणि वर छताकडे बघायचं. निकिताने हात धरला होता. त्या पोरीने माझा हात एकदाही सोडला नाही, हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

आणि रूथ, नाताळात मी गायले. बसून गायले, पण वरच्या सुरापर्यंत गायले आणि कोरडी राहिले. घरी येऊन घडी तपासली, पुन्हा तपासली. माझ्या पेशी असतील की नुसतं साधं द्रव, मला कळत नाही, आणि खरं सांगते, मला ते कळून घ्यायचंही नाही. मी त्याच दिवशी पाळकसाहेबांना पाचवा उद्गार घेते म्हणून सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. कल्याण मास्तर तर म्हणाले की आता पेटीला जरा जीव येईल.

प्रभूचे आभार मान. तुझेही मानते, पण फार नाही, चढून बसशील.
तुझी,
अक्का


नेवासा तालुका
ता. २४ मार्च २०२५

चि. रूथ,
आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. कारखान्याच्या धुराने आणि बदलत्या हवेने खोकला झाला, आणि सगळं पहिल्यासारखं झालं. काल सलोमीसमोर ओट्याशी उभी असताना गेलं. तिने बघितलं आणि काही न बोलता फडकं आणून दिलं. तिने बोलून दाखवलं असतं तर सोसलं असतं.

पुण्याला फोन केला. खोकला गेल्यावर पुन्हा बघू, सहा महिन्यांनी तपासणी आहेच, असं डॉक्टर म्हणतात. त्यांचं बरोबर असेल. पण माझा शुक्रवार तर सहा महिने थांबत नाही. मी ही आशा धरायलाच नको होती. आईने कधी धरली नाही, ती गुपचूप मागे बसली आणि आदराने गेली.

पाळकसाहेबांना तू कळव. पाचवा उद्गार कुणालाही द्या म्हणावं. माझ्या तोंडून ते निघणार नाही.
अक्का


सावेडी
ता. २८ मार्च २०२५

ती. अक्कास,
सप्रेम सलाम. वि. वि.

मी कळवणार नाही. नाही म्हणायचं असेल तर तुझ्या तोंडाने म्हण. पण त्याआधी मला दोन गोष्टींची उत्तरं दे.

आप्पांनी तुला पाचवा उद्गार देताना, कोरडी असशील तरच बोल, असं कुठे सांगितलं होतं? मला तरी आठवत नाही. दुसरं म्हणजे, चर्चच्या मागे मंडळीने वर्गणी काढून एक संडास बांधला होता, त्यासाठी तू आणि मी घरोघर फिरलो होतो. तो वापरात असता तर तुम्ही सगळ्या शेवटच्या बाकावर तहानलेल्या का बसल्या असता? त्याचं काय झालं?

आई आदराने गेली म्हणतेस. हो, गेली. पण तहानलेली गेली अक्का, आणि आपण तिला शहाणी म्हटलं. मला आज तिच्यासाठी फार वाईट वाटतंय. तुझ्याबद्दल तसं वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

तू बोलणार नसशील तरी मी तुझीच.
रूथ


नेवासा तालुका
ता. २१ एप्रिल २०२५

चि. रूथ हिस,
रेबेकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी चर्चच्या मागे गेले. संडासाला कुलूप होतं आणि किल्ली पाळकसाहेबांकडे. उघडून बघितलं तर आत नाताळचा गोठा, कागदाचा तारा, मोडक्या खुर्च्या आणि गवताची पेंढी. किती वर्षांपासून तसंच आहे, कुणाला सांगता येईना. पाळकसाहेब म्हणाले की वापर नव्हता म्हणून सामान ठेवलं. बायकांनी कधी मागणीच केली नाही. हे मात्र खरं होतं.

शुक्रवारी मी गेले. सकाळपासून पाणी पीत गेले, ते तू दटावलं होतंस म्हणून नाही, तर त्या उद्गारावर बोलायचं आणि आपण होऊन तहानलेलं राहायचं हे मला खोटं वाटायला लागलं म्हणून. सलोमी माझ्याशेजारी बसली. तिच्या पिशवीत घडी आणि दुसरं लुगडं होतं. मी सांगितलं नव्हतं, तिने आपल्या मनाने घेतलं. चौथा उद्गार संपला आणि मी उठले. उठतानाच थोडं गेलं. पुलपीटावर पोहोचेपर्यंत आणखी. खोकला अजून आहेच.

मी आप्पांसारखी सुरुवात केली. प्रभूने जगाची पापं वाहिली तेव्हा तक्रार केली नाही, पण तहान लागली तेव्हा ती बोलून दाखवली, असं आप्पा म्हणायचे. मग मी म्हणाले की या मंडळीत काही जणी रविवारी मुद्दाम तहानलेल्या येतात. माझी आई अशी यायची. तिला तुम्ही नम्र म्हणालात. तिला लघवी आवरत नव्हती, म्हणून ती दाराजवळ बसायची. मीही तशीच आहे, आणि आत्ता इथे उभी आहे ती ओली आहे. पुण्याला उपचार घेतला आहे, गुण येईल की नाही ठाऊक नाही. मागे आपण एक जागा बांधली होती, तिथे आज प्रभूचा गोठा कुलपात आहे. एवढं बोलून मी पुलपीटावरचा पेला उचलला आणि सगळ्यांसमोर पाणी प्यायले. मग बाकावर परत आले.

तुला माहीतच आहे, त्या दिवशी उपासना सुटल्यावर कुणी कुणाशी बोलत नाही, सलामही घालत नाही. सगळे मुकाट्याने घरी जातात. ही रीत मला त्या दिवशी जितकी जड गेली तितकी कधी गेली नव्हती. कुणाच्या मनात काय आहे काही कळेना. कल्याण मास्तर मान खाली घालून गेले. भागूबाईने माझ्याकडे बघितलंही नाही. एडविन घरी आल्यावर ओसरीवर नुसता बसून राहिला. शनिवारभर मला वाटत राहिलं की आईची अब्रू मी चव्हाट्यावर मांडली, आणि तिने आयुष्यभर झाकलेलं मी उघडं केलं.

काल पुनरुत्थानाच्या पहाटे जावं की नाही, असं होत होतं. सलोमी तयार होऊन दारात उभी राहिली, म्हणून गेले. चर्चच्या आवारात गोठा, तारा आणि खुर्च्या ओळीने बाहेर मांडलेल्या होत्या. एडविन आणि कल्याण मास्तर बादल्या घेऊन मागून आले, दोघांच्या विजारी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. एडविन माझ्याजवळ आला. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आत गेला. पाळकसाहेब म्हणाले की ती आता दाराजवळच्या खिळ्यालाच राहील.

मी सवयीने शेवटच्या बाकाकडे वळले, तर तिथे कुणीच नव्हतं. भागूबाई पहिल्या बाकावर, पुलपीटाच्या अगदी समोर बसली होती. मला बघून सरकली. म्हणाली की तिला बी व्हतंय, धाकट्या लेकाच्या टायमापासनं, आन तिच्या आईला बी व्हत हुतं आसंल, पर कुनी कुनाला इचारलंच न्हाई. मग तिने पिशवीतून घरचा तांब्या काढला, पदराने पुसला, आणि पहिलं गीत सुरू व्हायच्या आधी, सगळ्या मंडळीसमोर, घटाघटा पाणी प्याली.

निकिताला सांग, पुढच्या तपासणीला मी येणार. सुईत काय होतं ते उघडतील तेव्हा बघू. आई असती तर तिलाही घेऊन आले असते.

लोभ आहेच, तो मागून कशाला घ्यायचा. प्रभू तुझं भलं करो.
तुझी,
अक्का